समुपदेशनातला उपदेश

आपल्या समाजात कोणत्या एका गोष्टीची टंचाई नसेल, तर ती उपदेशाची. नळाला पाणी नसते, एस.टी. वेळेवर येत नाही; उपदेश मात्र न मागता, घरपोच आणि विनामूल्य मिळतो. नापास झालेल्या मुलाला, लग्न मोडलेल्या मुलीला, नोकरी गेलेल्या माणसाला आणि रात्र रात्र डोळा न लागणाऱ्या बाईला आपण एकच औषध देतो : "मन घट्ट कर." ते घट्ट कसे करायचे, हे सांगणारा मात्र मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा इंग्रजीतील 'कौन्सेलिंग'ला मराठी प्रतिशब्द शोधताना आपल्याला 'समुपदेशन' हाच शब्द सुचावा यात नवल ते काय? शब्दाची फोड करून पाहा. पोटात उपदेश बसलेलाच आहे. शब्द ऐकताच चित्र उभे राहते : खुर्चीत बसून सांगणारा एक, आणि खाली मान घालून ऐकणारा दुसरा. मानसशास्त्राच्या अभ्यासात जे थोडेफार वाचले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, माणसाच्या मनात खरा बदल घडवणारी उपचारकाची कौशल्ये या चित्राच्या नेमकी उलट आहेत. ती माणसाला मान खाली घालायला लावत नाहीत, वर करायला लावतात.

हा विषय आजच मांडण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, अशी त्यांत एक सूचना आहे. म्हणजे आता महाविद्यालयांतून खुर्च्या मांडल्या जातील, दारावर पाट्या लागतील. त्या खुर्चीत बसून काय व्हावे, याचा विचार पाटी रंगवण्याआधी व्हायला हवा.

मी आमच्या घरातली महाविद्यालयात आलेली पहिली मुलगी. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. माझ्यासारखे अनेकजण आपल्या वर्गात आहेत, आणि आम्हा सर्वांची एक समान शिदोरी आहे. घरून निघताना आईने बजावलेले असते, "सर सांगतील तसं वाग. मोठ्यांपुढं बोलू नको." या शिदोरीची मी थट्टा करणार नाही, तिच्यावरच आम्ही इथवर आलो. ज्याच्या पाठीशी पैसा नाही, ओळख नाही, त्याला आज्ञाधारकपणा हेच भांडवल असते. मात्र आजारी मनाला हे भांडवल उपयोगी पडत नाही, हे मी फार जवळून पाहिले.

माझ्या एका मैत्रिणीची हकिकत तिच्या परवानगीने सांगते. ती वसतिगृहात राहते. गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी तिचे जेवण सुटले. ताट समोर आले की घास उतरत नसे. एका ओळखीच्यांनी तिला शहरातल्या एका समुपदेशकांकडे नेले. त्यांनी पाऊण तास मायेने समजावले : पहाटे उठावे, प्राणायाम करावा, आईवडिलांच्या कष्टांची आठवण ठेवावी, चांगले विचार वहीत लिहावेत. मैत्रीण प्रत्येक मुद्द्याला "हो सर" म्हणाली. परत आली, वही विकत घेतली, आणि त्या रात्रीही जेवली नाही. पुन्हा ती तिकडे गेली नाही. सांगितलेले जमले नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढे ती दुसऱ्या एका बाईंकडे जाऊ लागली. या बाई पहिल्या दोन भेटींत फारसे बोलल्याच नाहीत. तिसऱ्या भेटीत त्यांनी काही विचारले आणि मैत्रीण सवयीने म्हणाली, "हो मॅडम." बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "मी काही म्हटलं की तू लगेच हो म्हणतेस. नाही म्हणालीस तर काय होईल असं वाटतं तुला?" बराच वेळ तिला उत्तर देता येईना. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही चिडाल. मग मला येऊ नको म्हणाल." वाक्य तोंडातून बाहेर पडले आणि तिचे तिलाच कळले की, हे बाईंविषयी नव्हतेच. ते थोरल्या चुलत्यांविषयी होते. त्यांच्या पैशावर ती शिकते, आणि दर सुट्टीत ते शिक्षण बंद करण्याची गोष्ट काढतात. त्यांच्यासमोर ताटातला घास तिला ऋणासारखा वाटत आला होता.

त्या खोलीत विशेष असे काय घडले? सल्ला दिला गेला नाही, श्लोक म्हटला गेला नाही. तरीही तिथे जे घडले त्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. मनोविश्लेषणातून निघालेल्या या उपचाराला मनोगतिक मानसोपचार म्हणतात. त्यातील उपचारकाची मुख्य साधने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ती सर्व ऐकण्याचीच निरनिराळी रूपे आहेत.

पहिले साधन म्हणजे रुग्णाला बोलू देणे. फ्रॉइड हे स्वतः एका रुग्णाकडून शिकला. १८८९ मध्ये एमी फॉन एन. या टोपणनावाने पुढे प्रसिद्ध झालेली एक स्त्री त्याच्या उपचाराखाली होती. हे कुठून आले, ते कशामुळे झाले, असे प्रश्न तो सारखे विचारी. तिने वैतागून त्याला सुनावले की, सारखे विचारू नका, मला जे सांगायचे आहे ते सांगू द्या. हा वृत्तांत त्याने ब्रॉयरबरोबर लिहिलेल्या १८९५ च्या हिस्टेरियावरील ग्रंथात आहे. पुढे 'मुक्त साहचर्य' या नावाने जो नियम झाला, म्हणजे मनात येईल ते न निवडता, न गाळता बोलावे, त्याच्या मुळाशी एका रुग्ण स्त्रीचा हा वैताग आहे. डॉक्टरला 'थांबा' म्हणणारी ती बाई मला फार मोठी वाटते.

दुसरे साधन, रुग्ण काय टाळतो आहे ते पाहणे. कोणी उशिरा येतो, कोणी नेमका दुखरा विषय निघाला की विनोद करतो, कोणी भावनेऐवजी नुसती माहिती सांगतो. याला 'प्रतिरोध' म्हणतात. इथे मला पाठ्यपुस्तकात नसलेली एक भर घालावीशी वाटते. आपल्याकडचा सर्वांत सभ्य प्रतिरोध म्हणजे "हो सर". भांडणारा रुग्ण निदान काहीतरी सांगत असतो; मान डोलावणारा स्वतःला पुरता लपवतो, आणि उपदेश करणाऱ्याला वाटते की काम झाले!

तिसरे साधन सर्वांत महत्त्वाचे. माणूस जुन्या नात्यांतल्या भावना नव्या माणसावर लादतो. वडिलांची भीती साहेबावर, चुलत्यांची भीती मॅडमवर. इंग्रजीत याला 'ट्रान्सफरन्स' म्हणतात. भावनांचे स्थलांतर म्हणू या. हे सर्वत्र घडते, परंतु उपचाराच्या खोलीत ते उपचारकासमोर घडते, आणि तिथल्या तिथे दाखवता येते. जुना प्रसंग पुन्हा उभा राहतो, पण या वेळी समोरचा माणूस चिडत नाही, हाकलत नाही, आणि त्याबद्दल बोलताही येते. बदलाचे बीज इथे आहे, असे मला वाटते. "चुलत्यांना घाबरू नकोस" हे वाक्य मैत्रिणीने शंभरदा ऐकले असेल. "नाही" म्हटल्यावरही समोरचे माणूस खुर्चीतच राहते, हा अनुभव तिला पहिल्यांदा मिळाला.

हे साधन कळायला खुद्द फ्रॉइडलाही ठेच लागली. १९०० च्या ऑक्टोबरात वडिलांनी आपली अठरा वर्षांची मुलगी त्याच्याकडे आणली. ग्रंथात तिचे नाव 'डोरा' आहे. फ्रॉइड तिला तिच्या मनाचे अर्थ एकामागून एक सांगत गेला. ती "नाही" म्हणे, तेव्हा तिचा नकार म्हणजे दडपलेला होकारच, असे तो धरून चाले. अकरा आठवड्यांनी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ती निरोप घेऊन निघून गेली. १९०५ मध्ये हकिकत छापताना फ्रॉइडने कबूल केले की, स्थलांतरित भावना वेळेवर ओळखण्यात आपण कमी पडलो. डोरा माझ्याच वयाची होती. माझ्या दृष्टीने तिच्या जाण्यातला धडा आणखी सोपा आहे : ज्या खोलीत 'नाही'ला किंमत नाही, तिथे हुशारीचाही उपदेशच होतो.

चौथे साधन चिकाटीचे. १९१४ च्या एका निबंधात फ्रॉइडने मांडले की, माणूस जे आठवत नाही ते वागण्यातून पुन्हा पुन्हा करत राहतो. आणि एकदा अर्थ सांगितला म्हणून ते सुटत नाही. तीच गाठ निरनिराळ्या प्रसंगांत पुन्हा हाताळावी लागते. म्हणून या उपचाराला ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि तोच माणूस लागतो. वार्षिक स्नेहसंमेलनात एक व्याख्यान ठेवून हे काम होत नाही.

कोणी म्हणेल, या साऱ्या जुन्या कथा झाल्या, पुरावा काय? नॉर्वेत ओस्लो येथे पेर ह्योग्लेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांवर एक प्रयोग केला. सर्वांना वर्षभर, आठवड्यातून एकदा मनोगतिक उपचार मिळाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटात उपचारक स्वतःशी चाललेल्या नात्याविषयी बोलत. दुसऱ्यात तेवढे टाळत. २००६ पासून निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरीने दोन्ही गट सारखेच सुधारले. परंतु ज्यांची आयुष्यातली नाती आधीपासून बिघडलेली होती, त्यांना असे बोलण्याचा अधिक फायदा झाला. तोवर तज्ज्ञांचा समज उलट होता : हे नाजूक साधन सशक्त मनाच्या माणसांवरच वापरावे. म्हणजे, दुबळ्यांना समजूत आणि सबळांना समज, ही वाटणी चुकीची ठरली.

आता यावरचा सर्वांत सबळ आक्षेप. ही पद्धत व्हिएन्नाची. आपल्या मातीत रुजेल काय? १९६४ मध्ये सूर्या आणि जयराम यांनी लिहिले की, भारतीय रुग्ण उपचारकाकडून अधिक सक्रिय आधाराची अपेक्षा ठेवतो. १९७३ मध्ये जे. एस. नेकी यांनी तर गुरु-चेला हे नातेच आपल्याकडच्या उपचाराचा नमुना होऊ शकेल असे मांडले. हा विचार मला टाकाऊ वाटत नाही. पहिल्या भेटीत नुसते गप्प बसणारे माणूस पाहून आमच्या घरचे म्हणतील, "याला काही येत नाही वाटतं." ओळख, चार शब्द, चहाचा कप यांतून आधी विश्वास बसावा लागतो.

पण गुरू कोणता? अर्जुनाने पहिल्याच अध्यायात "हो" म्हणून धनुष्य उचलले असते, तर गीता झालीच नसती. उपदेशाचा एवढा मोठा ग्रंथ उभा आहे तो एका शिष्याच्या नकारावर. आणि अठराव्या अध्यायात सारे सांगून झाल्यावर कृष्णही म्हणतो की, आता विचार करून तुला वाटेल तसे कर. आपण गुरूचे सांगणे तेवढे उचलले, त्याची ही मुभा विसरलो.

व्हिएन्नाची विद्या भारतात आणणाऱ्यानेही मान डोलावली नव्हती. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांची भेट कधीच झाली नाही; पत्रव्यवहार मात्र अनेक वर्षे चालला. १९२९ मध्ये त्यांनी फ्रॉइडला कळवले की, माझ्या भारतीय रुग्णांत तुमच्या सिद्धांतातील काही लक्षणे युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाहीत. आणि १९३१ मध्ये याच संस्थेने फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला विष्णूची मूर्ती भेट पाठवली. मतभेद आणि आदर एकाच टपालाने जाऊ शकतात, हे आम्हा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी बोसांकडून शिकण्यासारखे आहे.

आपल्या पुण्यातही याचे उदाहरण आहे, ते चित्रपटात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. त्याच्या निर्मितीत आणि अभिनयात डॉ. मोहन आगाशे होते. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. मनाने खचलेल्या एका तरुणाला कोकणातल्या घरात आसरा देणारी जानकी त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करत नाही, शहाणपण शिकवत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी जपणारे लोकही असेच वागतात : कोल्ह्याकुत्र्यांपासून घरटे राखतात, पण पिल्ले बाहेर आली की त्यांना वाळूवर सोडतात, समुद्रापर्यंतचे अंतर पिल्लू स्वतः चालते.

सर्व दुखण्यांवर हाच उपाय, असे माझे मुळीच म्हणणे नाही. तीव्र आजारात डॉक्टर आणि औषध हवेच. जिवाला धोका असेल तेव्हा वाट पाहत बसू नये. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस'ची मोफत सेवा २०२२ पासून आहे. विचारांची चूक दाखवून वाद घालणारी अल्बर्ट एलिसची पद्धत महाराष्ट्रात अनेकांना उपयोगी पडली आहे. एलिस मुळात मनोविश्लेषणातच शिकलेला होता. तथापि वादाला वाद घालणारा लागतो. ज्याच्या तोंडून "नाही" निघतच नाही, त्याच्याशी वाद घालणे म्हणजे पुन्हा उपदेशच.

म्हणून प्राध्यापक मंडळींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे चार मागण्या ठेवते.

एक : या खुर्चीत बसणारी व्यक्ती आम्हाला शिकवणारी किंवा अंतर्गत गुण देणारी नसावी. ज्यांच्या हाती गुण आहेत त्यांना आम्ही "नाही" म्हणू शकत नाही. कोणीही म्हणू शकणार नाही. यात प्राध्यापकांचा अवमान नाही. दोन कामे एका खुर्चीत मावत नाहीत, एवढेच.

दोन : खोलीतले बोलणे खोलीतच राहावे. जिवाचा धोका सोडला, तर ते ना वर्गशिक्षकांकडे जावे, ना घरी. आणि खोलीचे दार कार्यालयाच्या रांगेसमोर उघडणारे नसावे.

तीन : तिथे आमची मराठी चालावी. मैत्रीण रडते तेव्हा ती तिच्या गावच्या बोलीत रडते. "जीव घाबराघुबरा होतो", "छातीत कालवतं" हे शब्द ज्याला समजतात, त्यालाच त्यांच्या आतली भावना धरता येईल. आधी शुद्ध बोलण्याची धास्ती घातली, तर मुक्त साहचर्य कसले?

चार : दर आठवड्याला तीच वेळ, तेच माणूस, निदान एक सत्रभर, आणि तेही विनामूल्य. शहरातल्या खाजगी उपचाराच्या एका तासाचे शुल्क आमच्या घरात दिवसाच्या कमाईशी ताडून पाहावे लागते.

या मागण्या महागड्या नाहीत. अवघड आहे ते दुसरेच : जिथे बोलणाऱ्याला मान आणि ऐकणाऱ्याला रिकामटेकडा समजतात, तिथे ऐकण्याला काम मानणे.

माझ्या मैत्रिणीचे चुलते बदललेले नाहीत. मात्र दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी पुन्हा शिक्षणाचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "काका, तुमचे उपकार मला मान्य आहेत. पण बी.ए. मी पुरं करणार." आणि ताटावरून न उठता जेवण संपवले. हे वाक्य तिला कोणी शिकवले नव्हते. शिकवले असते तर ती फक्त "हो" म्हणाली असती.

— द्वितीय वर्ष कला (मानसशास्त्र)